गॅरेजमधली पेशंट

ही गोष्ट २०२२ सालची. लेस्टरमधली. करोनाचे मास्क हळूहळू लोकांच्या तोंडावरून खिशात जायला लागले होते, आणि हॉस्पिटलांना नर्स मिळेनाशा झाल्या होत्या. केरळातून, फिलिपाइन्समधून, आपल्या नागपूर-अमरावतीकडून मुली विमानं भरभरून येत होत्या. शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांना परीक्षेसाठी तयार करायचं काम भावना खोब्रागडेकडे होतं.

परीक्षा तशी साधी दिसते. एक मोठी खोली, तिचे छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक काम. इथे ड्रेसिंग करा, तिथे औषध द्या, पलीकडे रबरी पुतळ्याची छाती दाबून त्याला जिवंत करा. कोपऱ्यात परीक्षक बसलेला असतो, तो बघतो आणि खुणा करतो. आपल्याकडे वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई इथे आली, तरी या खोलीतून पार झाल्याशिवाय तिला नर्स म्हणत नाहीत. तोवर ती मदतनीस. गणवेश वेगळ्या रंगाचा, पगार कमी, आणि बेडपॅन उचलायला कायम पुढे. तीन वेळा बसता येतं. तिसऱ्यांदा आपटलात की हॉस्पिटल दारापर्यंत सोडायला येतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी नवी तुकडी आली. सगळ्या पोरी पंचविशीच्या आसपासच्या, थंडीने नाक लाल झालेल्या. त्यांच्या मागून साठीकडे झुकलेली एक बाई आत आली. अंगावर मदतनिसाचा गणवेश, पण चाल अशी की जणू खोली तिच्याच मालकीची आहे. केस नीट कापलेले, गळ्यात मोत्यांची बारीक सर, चष्मा साखळीला लावलेला.

भावनाने ओळखलं. 

त्या बाईनेही ओळखलं. तिने दोन्ही हात पसरले. "अगंबाई, भावना! तू इथे शिकवतेस होय?" आणि मग पोरींकडे वळून इंग्रजीत, अगदी कौतुकाने म्हणाली, "ही माझी विद्यार्थिनी बरं का. माझ्या गॅरेजमध्ये शिकली. हिला मी तयार केली."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. भावनानेही ओठ ताणून हसल्यासारखं केलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. पण त्या टाळ्या तिच्या कानातून गेल्या नाहीत.

त्या बाईंचं नाव सुप्रभा चांदोरकर. लेस्टरच्या मराठी मंडळींत त्यांना सिस्टर सुप्रभा म्हणत. त्या या देशात आल्या तेव्हा काळ फार निराळा होता. माणसं एअरपोर्टवर एकमेकांना घ्यायला जायची, बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानात कढीपत्ता आला की एकमेकींना फोन जायचे, आणि बाहेरून आलेल्या नर्सला काही महिने एखाद्या वॉर्डात वरिष्ठांच्या हाताखाली काम केलं की झालं, ती नर्सांच्या सरकारी रजिस्टरवर. परीक्षा वगैरे काही नव्हतं. सुप्रभाताई तशाच रजिस्टरवर आल्या आणि मग यजमानांच्या, म्हणजे डॉक्टर शशी चांदोरकरांच्या सर्जरीत (इथे दवाखान्याला सर्जरीच म्हणतात) नर्स झाल्या. शहराबाहेरच्या ओडबीत मोठं घर झालं. पुढे परीक्षा सुरू झाली, तशी नव्या मराठी मुलींची गर्दी त्यांच्याकडे व्हायला लागली. रविवारी सकाळी गॅरेजमधून गाडी बाहेर काढायची, तिथे घडीचा पलंग टाकायचा, हीटर लावायचा आणि सराव. नंतर पोहे. परीक्षा स्वतः कधी दिली नव्हती, पण ताई सांगायच्या मोठ्या खात्रीने.

२०१७ साली भावना त्या गॅरेजमध्ये गेली. नागपूरच्या सरकारी हॉस्पिटलात ती लेबर रूम सांभाळत होती, रात्रीत चार-चार बाळंतपणं काढलेली बाई. नवरा हरिदास कॉलेजात शिकवायचा. तो सगळं सोडून तिच्याबरोबर आला आणि इथे गोदामात खोकी भरायला लागला. मुलगी ईरा तेव्हा चार वर्षांची. तिला नागपुरात सासूबाईंकडे, सिंधुबाईंकडे ठेवलं होतं. भावना पास झाली, पगार वाढला, की ईराला आणायचं असं ठरलं होतं. सिंधुबाई फोनवर म्हणायच्या, "तू बिनधास्त अभ्यास कर. पोरगी माझ्याजवळ झोपते."

गॅरेजमधले पहिले दोन रविवार छान गेले. भावनाचा हात बघून सुप्रभाताई म्हणाल्या, "तुझ्या हातात सफाई आहे गं." मग तिसऱ्या रविवारी पोहे खाताना त्यांनी सहज विचारलं, "भावना, तुझं पूर्ण नाव काय गं?"

"भावना खोब्रागडे."

"खोब्रागडे," सुप्रभाताई म्हणाल्या. "म्हणजे नागपूरच्याच."

एवढंच. पोह्यांवर लिंबू पिळून झालं, बोलणं दुसरीकडे गेलं. पण चौथ्या रविवारपासून भावना पेशंट झाली.

सरावाला कुणीतरी पेशंट लागतोच. पलंगावर झोपायचं, डोळे मिटायचे, दंड पुढे करायचा. बाकीच्या पोरी पाळीपाळीने नर्स होत. पेशंटही पाळीपाळीने व्हायला हवा, पण सुप्रभाताई म्हणायच्या, "तू झोप गं भावना. तुला सगळं येतंच. बघून बघून शिकशील." पुढच्या वेळी, "तूच झोप, तुझा चेहरा कसा शांत आहे." त्याच्या पुढच्या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत, पलंगाकडे नुसतं बोट केलं. भावना झोपली. तिचा रक्तदाब मोजला गेला, तिला खोटी इंजेक्शनं दिली गेली, तिच्या जखमा धुतल्या गेल्या. तिच्या स्वतःच्या हाताला मात्र काम मिळालं नाही. आणि या परीक्षेची खोच अशी की नुसतं हाताने करून चालत नाही, तोंडाने बोलत करावं लागतं. आता हात धुते, आता तारीख बघते, आता पेशंटला सांगते. आपल्याकडची नर्स मुकाट्याने काम करते, त्यातच तिचं कसब. बोलत काम करायची सवय लावून घ्यायला महिने लागतात. पेशंटला काय बोलायचं असतं?

एका रविवारी ती अशीच डोळे मिटून पडली होती. दंडाला पट्टा आवळला होता. मालविका नावाची पुण्याची मुलगी हवा भरत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, हिला एकदा करायला देऊ या का? हिची परीक्षा जवळ आलीय."

सुप्रभाताई म्हणाल्या, तेही हळूच, "अगं, यांना तिकडे सगळं आयतं हातात मिळालेलं असतं. इथे कोटा नाही म्हटल्यावर कळेल."

मालविका हसली. पट्ट्यातली हवा फुस्स करून सुटली. भावनाने डोळे उघडले नाहीत. पेशंट होती ना ती.

त्यानंतर ती पहिल्यांदा नापास झाली. का कोण जाणे, तरीही ती गॅरेजमध्ये जात राहिली. दुसरं कुणी माहीत नव्हतं, आणि परक्या गावात मराठी ऐकायला मिळायचं तेवढी ती एकच जागा. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा हरिदास म्हणाला, "आता तिथे जायचं नाही. मी झोपतो पेशंट म्हणून." गोदामातून दमून आलेला तो माणूस सोफ्यावर आडवा व्हायचा आणि भावना त्याच्याभोवती फिरत मोठमोठ्याने बोलायची. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. हरिदास म्हणायचा, "बोल. परीक्षक बघतायत." तिसऱ्यांदा ती पास झाली.

पण तोवर दीड वर्ष गेलं होतं. ईरा आली तेव्हा विमानतळावर ती भावनाकडे आली नाही, हरिदासच्या पायामागे लपली. ती सिंधुबाईंना आई म्हणायची. भावनाला काय म्हणायचं, हे तिला बरेच दिवस ठरवता येईना.

तर अशी ती सुप्रभाताई पाच वर्षांनी भावनाच्या वर्गात उभी होती आणि म्हणत होती, हिला मी तयार केली.

त्यांच्यावर ही वेळ कशी आली, ते नंतर कळलं. सासूबाईंच्या आजारपणात त्या पुण्यात अडकल्या, वर करोना आला, आणि रजिस्टरवर राहायला जे कामाचे तास दाखवावे लागतात ते भरले नाहीत. नाव निघालं. इकडे डॉक्टर शशींनी निवृत्त होऊन सर्जरी दुसऱ्यांना दिली. नवे डॉक्टर म्हणाले, रजिस्ट्रेशन नाही तर नर्स म्हणून ठेवता येणार नाही. ज्या सर्जरीत त्या मालकीणबाईंसारख्या वावरल्या, तिथेच त्यांना रिसेप्शनवर फोन घ्यायला बसवलं. महिनाभर बसल्या. मग हा रस्ता धरला: हॉस्पिटलात मदतनीस म्हणून लागायचं, परीक्षा द्यायची, नाव परत मिळवायचं. मराठी मंडळात कुणाला सांगितलं नव्हतं.

भावनाची शिकवायची रीत अशी होती की ती कुणाचं काही चुकलं की तिथल्या तिथे सांगायची. न विचारता सांगायची. पोरी तिला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणायच्या. पण त्या आठवड्यात तिने नवीन नियम काढला.

"या वेळेपासून," ती वर्गाला म्हणाली, "मी आपणहून काही सांगणार नाही. तुम्ही करायचं, मी बघायचं. मग तुम्ही माझ्याकडे यायचं आणि विचारायचं, माझं काय चुकलं? विचारलंत की सगळं सांगेन. नाही विचारलंत तर नाही सांगणार. इथे नर्सने प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे."

पोरींना ते पटलं. दुपारपर्यंत तिच्यासमोर रांग लागली. सिस्टर, माझं काय चुकलं? मॅडम, माझं काय चुकलं? अमरावतीची अर्चना तर घास तोंडात असतानाच आली, "ताई, माझं पटकन सांगा, मग मी नीट जेवते."

सुप्रभाताई रांगेत नव्हत्या. खिडकीशी बसून त्या एका मुलीला इंग्लंडमध्ये पूर्वी कशी शिस्त होती ते सांगत होत्या. भावनाला हेच हवं होतं. नियम दिसायला सगळ्यांसाठी होता, पण काढला होता एकीसाठी. ती बाई भावनापुढे उभी राहून "माझं काय चुकलं" असं कधीच म्हणणार नाही, हे भावनाला नीट ठाऊक होतं. कित्येक महिने पलंगावर पडून तिने त्या बाईचा आवाज ऐकला होता.

आणि चूक होती. एकच, पण नडणारी. औषधाच्या कप्प्यात पेशंट म्हणून एक नट बसलेला असतो. नर्सने त्याला विचारायचं असतं, तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा. तो सांगेल ते मनगटाच्या पट्टीवर बघायचं, कागदावर बघायचं, मग गोळी. सुप्रभाताई आत जायच्या आणि गोड हसून म्हणायच्या, "गुड मॉर्निंग, मिस्टर ग्रीन! आज कसं वाटतंय?" मग पट्टी बघायच्या, कागद बघायच्या, गोळी द्यायच्या. इतकी वर्षं सर्जरीत हेच केलं होतं. या मिसेस पटेल, बसा मिस्टर टर्नर, सगळे ओळखीचे. नाव विचारणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा, समोरच्याचा आणि आपलाही. पण गोंधळलेल्या म्हाताऱ्याला तुम्ही "मिस्टर ग्रीन ना?" म्हणालात तर तो हो म्हणतो, तो कुणीही असो. म्हणून परीक्षकाने एवढं बघितलं की पुढचं काही बघायची गरज उरत नाही.

भावनाने बघितलं. ती काही बोलली नाही.

अर्चनाने मात्र तोंड उघडलं. "मावशी, मला वाटतं तुम्ही त्यांना नाव—"

"बाळा," सुप्रभाताई तिच्या गालाला हात लावत म्हणाल्या, "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी औषधं देतेय. तू तुझं बघ हं."

अर्चना हिरमुसली. भावनाने तिला बाजूला बोलावून दुसरंच काम दिलं.

एप्रिलमध्ये सगळ्या परीक्षेला गेल्या. अर्चना पास. केरळच्या पोरी पास. सुप्रभाताई औषधाच्या कप्प्यात नापास. निकालात एक ओळ आली, की पेशंटची ओळख पटवण्यात कमी पडल्या. त्या वर्गात येऊन गरजल्या, "मी पट्टी बघितली! डोळ्यांनी बघितली! तो परीक्षक झोपला होता का?" भावना फळा पुसत होती. पुसत राहिली.

जूनमध्ये पुन्हा तेच.

भावनाबरोबर मीनाक्षी नावाची मुंबईची एक शिक्षिका होती, सरळ बोलणारी. तिने कॅन्टीनमध्ये चहाचा कप भावनापुढे ठेवला. "सांगून टाक ना तिला. एका वाक्याचं काम आहे."

"तिने विचारलं का?"

"तू हे रागाने करतेयस."

"हो."

मीनाक्षीला वाटलं होतं, ही नाही म्हणेल. ती जरा गडबडली. "अगं, उद्या तिने तक्रार केली तर?"

"काय तक्रार करेल? मी विचारलं नाही म्हणून यांनी सांगितलं नाही, अशी?"

"भावना, म्हातारी बाई आहे ती."

"मी तेव्हा तरुण होते," भावना म्हणाली. "त्याने तिला काही फरक पडला नाही."

 मीनाक्षी चहा अर्धा टाकून उठली.

ऑगस्टमध्ये डॉक्टर शशी आले. गाड्या लावायच्या जागेत वाट बघत उभे होते, हातात टोपी. माणूस सज्जन. गॅरेजमधल्या पोरींना पोहे ते स्वतः आणून द्यायचे, आणि सगळ्यांना सारखेच द्यायचे, हे भावनाला आठवत होतं.

"भावनाताई, एक मिनिट. सुप्रभाचं नेमकं काय चुकतंय हो?"

"डॉक्टर, ते मी तुम्हाला नाही सांगू शकत. कॅन्डिडेटचा फीडबॅक घरच्यांना देता येत नाही. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला माहितीय."

"हो हो, ते खरं आहे." ते टोपी फिरवत राहिले. "पण ती खचलीय हो. बाथरूममध्ये जाऊन रडते. मला कळू नये म्हणून नळ सोडते. तिसरी वेळ आहे, पुढे हे लोक ठेवणार नाहीत. नर्स आहे ही एकच गोष्ट तिला..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

"त्यांनी विचारावं," भावना म्हणाली. "मी सांगेन. नियम सगळ्यांना सारखा आहे."

"ती नाही विचारणार," डॉक्टर म्हणाले. पस्तीस वर्षांचा संसार होता, ते उगाच म्हणत नव्हते.

भावना गाडीत बसली. नळ सोडून रडणारी सुप्रभाताई तिने डोळ्यांपुढे आणली. दया येते का बघितलं. आली नाही. उलट बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यायल्यासारखं. घरी जाऊन तिने गरमागरम भाकऱ्या थापल्या. हरिदास म्हणाला, "आज काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. मला भूक लागलीय."

तिसऱ्या परीक्षेच्या आधीचा शेवटचा वर्ग सप्टेंबरात होता. खोलीत नव्या तुकडीच्या, बहुतेक केरळच्या, पोरी होत्या, अर्चनाही वॉर्डातून सुट्टी काढून मदतीला आली होती. जेवणाची सुट्टी झाली. डबे उघडले, कुणाच्या तरी सांबाराचा वास पसरला. सुप्रभाताई उठल्या. भावनाच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. गळ्यात मोत्यांची सर नव्हती.

"भावना," त्या मराठीत, अगदी हळू म्हणाल्या, "माझं काय चुकतंय गं?"

भावनाने पेन खाली ठेवलं. "इंग्लिशमध्ये विचारा ना सुप्रभाताई. बाकीच्या मुलींनाही उपयोग होईल."

सुप्रभाताईंचा चेहरा आक्रसला. क्षणभर वाटलं, ही बाई आता वळून निघून जाणार. त्यांनी दाराकडे बघितलंही. मग टेबलाची कड धरली आणि मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं इंग्रजीत विचारलं, "सिस्टर, माझं काय चुकतंय?"

घास हातात धरून पोरी थांबल्या.

नियम नियम होता. भावनाने सांगितलं. बसायला खुर्चीही दिली, आणि फेब्रुवारीपासून मनात साठवलेलं सगळं एकेक करून सांगितलं, सभ्य आवाजात, कुठेही एक शब्द वावगा न वापरता. "मिस्टर ग्रीन म्हणून तुम्ही स्वतः नाव सांगता, त्याला विचारत नाही. त्यामुळे दोनदा नापास झालात." सुप्रभाताईंच्या तोंडून निसटलं, "एवढंच?" भावना म्हणाली, "एवढंच. पण तुम्ही विचारलंय, तर बाकीचंही सांगते." पेशंटला बाळा, राजा म्हणायचं नाही. त्याच्या गालाला हात लावायचा नाही. त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलायचं नाही. तरुण सहकारी चूक दाखवते तेव्हा ऐकून घ्यायचं, तिला गप्प करायचं नाही. प्रत्येक गोष्ट खरी होती. परीक्षकाने यातलं काहीही खोडलं नसतं. सुप्रभाताई मान हलवत होत्या, हलवता हलवता मान खाली जात होती.

"आणि शेवटचं," भावना म्हणाली. "पेशंट डोळे मिटून पडला असला तरी तो ऐकत असतो. २०१७ मध्ये तुमच्या गॅरेजमध्ये मी पेशंट होते. मला कधीच नर्स होऊ दिलं नाहीत, कारण तुम्ही माझं आडनाव ऐकलंत. मी झोपले असताना तुम्ही म्हणालात, यांना सगळं आयतं हातात मिळालेलं असतं, इथे कोटा नाही म्हटल्यावर कळेल." ते वाक्य तिने आधी मराठीत म्हटलं, जसंच्या तसं. मग इंग्रजीत. केरळच्या पोरींना ते बरोबर कळलं, त्यांच्याकडेही असली वाक्यं आहेत. "तेव्हा तुम्ही मला तयार केलं नाहीत. हे यापुढे कुणाला सांगू नका."



"मी... चेष्टेत म्हटलं असेन गं," सुप्रभाताई मराठीत म्हणाल्या.

"त्या चेष्टेपायी माझी मुलगी दीड वर्ष उशिरा आली माझ्याकडे," भावनाही मराठीतच म्हणाली. हे फक्त अर्चनालाच समजलं, आणि तिने डब्याचं झाकण लावून टाकलं.

सुप्रभाताई उठल्या. माफी मागितली नाही. भावनाने मागायला सांगितलीही नाही. त्यांनी पर्स घेतली, दार हळू लावलं.

मीनाक्षी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "झालं समाधान? आता ती परीक्षेला जातेय का बघ."

ती गेली. आत जाऊन नटाला म्हणाली, तुमचं पूर्ण नाव सांगता का? पास झाली.

इतकी वर्षं झाली, तरी लेस्टरच्या बायका ही गोष्ट अजून सांगतात, आणि कुणाची बाजू घ्यायची यावरून चहा गार होतो.

सुप्रभाताईंनी नाव परत मिळाल्यावर भावनाच्या हॉस्पिटलात राहायचं टाळलं. नॉटिंगहॅमला नोकरी धरली, रोज ट्रेनने जाऊन-येऊन केली, तीन वर्षं. गॅरेजचा वर्ग पुन्हा भरला नाही. पलंग चॅरिटी शॉपला गेला, आता तिथे गाडी उभी असते. मंडळात कुणी विचारलं, या वयात परीक्षेची तयारी कुणाकडे केलीत, की त्यांना स्वयंपाकघरात काहीतरी बघायचं असतं.

डॉक्टर शशी दर दिवाळीला खोब्रागड्यांकडे फराळाचा डबा पाठवतात. हरिदास चकल्या खातो, म्हणतो, "त्या माणसाने काय केलंय?" भावना त्या डब्याला हात लावत नाही. रिकामा डबा मात्र घासून, पुसून वेळेवर परत जातो.

मालविका कार्डिफला वॉर्ड सिस्टर झाली. गोष्ट तिच्या कानावर गेली असावी, कारण तेव्हापासून ती नव्या वर्षाला भावनाला लांबलचक मेसेज करते. भावना वाचते. उत्तर देत नाही.

अर्चना अतिदक्षता विभागात आहे, तिने आता स्वतःच्या दोन मैत्रिणींना बोलावून घेतलंय. मीनाक्षी शिक्षण विभागाची प्रमुख झाली. तिने पहिल्याच बैठकीत ठरवलं की विचारो न विचारो, प्रत्येक उमेदवाराला त्याची चूक सांगायचीच. भावनाने सगळ्यांत आधी हात वर केला. विचारलं तरच सांगायच्या नियमाचं तिचं काम झालं होतं.

सिंधुबाई २०२३ मध्ये नागपुरात गेल्या. ईरा तेव्हा दहा वर्षांची होती. तिने शाळेतून आल्यावर ते ऐकलं, आणि "माझी आई गेली" असं म्हणून रडली. भावनाने तिला जवळ घेतलं आणि काही दुरुस्त केलं नाही.

आणि २०२५ च्या उन्हाळ्यात सुप्रभाताई निवृत्त झाल्या, तेव्हा मंडळाने मेल्टन रोडजवळच्या हॉलमध्ये समारंभ ठेवला. आमंत्रण सगळ्यांना होतं. भावना येणार नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती आली. मोरपंखी पैठणी नेसून, हरिदासला घेऊन, पुढच्या रांगेत मधोमध बसली. भाषणं झाली, शाल झाली, श्रीफळ झालं. निवेदिका म्हणाली, "सिस्टर सुप्रभांबद्दल अजून कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?"

स्टेजवर सुप्रभाताई भावनाकडे बघत होत्या. शाल दोन्ही हातांनी धरली होती. निवेदिकाही भावनाकडे बघायला लागली, मग मागच्या रांगाही. भावनाने त्यांना बराच वेळ बघू दिलं. मग ती उठली, पदर सावरला, आणि हरिदासला म्हणाली, "चल, जेवण मांडलंय." श्रीखंड तिने दोनदा घेतलं.